ओझ्याची बातमी

मिरजेजवळच्या त्या वीस मजली रुग्णालयात कुणालाच काही जड लागत नसे. ओल्या चादरींनी खच्चून भरलेली ट्रॉली अनसूया भोजने गप्पा मारत ढकलत न्यायची. सगळ्या कामगारांसारखी तिच्याही मानेवर टिकलीएवढी पट्टी चिकटवलेली होती. तिला 'भारलोपी' म्हणत. ती ओझं कमी करत नसे. स्नायूंकडून मेंदूकडे निघालेली ओझ्याची आणि त्यापायी होणाऱ्या दुखण्याची बातमी तेवढी वाटेत अडवायची. मणक्यांवर पडायचा तो भार पडतच होता. पण कुणी कुरकुरेना, म्हणून व्यवस्थापनानं ट्रॉल्या आणखी मोठ्या केल्या. झिजलेली चाकं मात्र तशीच ठेवली.

एका सकाळी चढावर ट्रॉली ढकलताना अनसूयाच्या बरोबरीची जनाक्का मटकन खाली बसली. मणक्यातली गादी पार सरकली होती.

"अगं, पाय का हलेनात माझे?" ती हसतच विचारत होती.

तिला स्ट्रेचरवरून नेलं. अनसूयानं मानेवरची पट्टी ओरबाडून काढली आणि ट्रॉली वाटेत आडवी लावली. भारलोपीचा शोध लावणाऱ्या डॉ. मृदुला केळवकर धावत आल्या.

"अनसूयाबाई, काही दुखतंय का?"

"नाही. म्हणून तर थांबलेय."

"वाट सोडा. वर ऑपरेशनं खोळंबलीत."

"निम्मा माल उतरवा. चाकं बदला, दांडा कोपराच्या उंचीला आणा. मग सोडते. किती जड आहे ते आता कळू दे मला."

तिनं जोर लावला. ट्रॉली फुलासारखी पुढं सरकली. अनसूया चपापली.

"पट्टी तर काढली मी!"

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "बरीच वर्षं बातमी पोचली नाही, की मेंदू तिची वाट बघणं सोडतो. पुन्हा कळेल की नाही, सांगता येत नाही."

"हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"शंका होती."

अनसूयानं ट्रॉली ओढून पुन्हा आडवी लावली.

"मला जड लागत नाही, तरी ते जड आहे. मी ढकलणार नाही."

मागच्या बायकांनीही एकेक करत ट्रॉल्या थांबवल्या. व्यवस्थापकांनी दम दिला, मग विनवलं. कुणी हललं नाही. शेवटी सगळं कबूल झालं.

पुढच्या आठवड्यात निम्म्या मालाची, नव्या चाकांची ट्रॉली आली. पहिला मान अनसूयाचा. तिनं दांडा धरून ढकललं.

"कशी आहे गं?" बायकांनी विचारलं.

ट्रॉली पूर्वीइतकीच हलकी लागली. तिळभरही फरक नव्हता.

"आधी वजनकाट्यावर चढवा," अनसूया म्हणाली. "मग सांगते."