आखितीचं पाणी

बसा हो इथं बाकावर, या दिव्याजवळ. बाकीची लाइट कधी येईल देव जाणे. तुमचं पेशंट झोपलं ना? माझी काकू आहे आत, त्या कोपऱ्यातल्या खाटेवर. काय झालंय म्हणून विचारलंत, म्हणून सांगते. नर्सबाईला सांगून बघितलं, तर ती म्हणाली, ताई, तुम्हाला ऊन लागलंय. लागलं असंल बाई. पण ऐकून तर घ्या.

आज आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया. सकाळी आमच्या सासूच्या नावानं केळी भरली. तुमच्याकडं भरतात का? तांब्याएवढं मातीचं मडकं असतं, ती केळी. गेलेल्या बाईच्या नावानं त्यात पाणी भरायचं, वाळ्याची काडी सोडायची, तोंडावर आंबा ठेवायचा. जिच्या नावानं भरली ती त्या दिवशी येऊन पिऊन जाती, असं आमच्यात धरतात. नैवेद्य झाला, पोरांना वाढलं आणि आमरस-पोळीचा डबा घेऊन मी काकूला भेटायला निघाले.

मनकर्णाकाकू. माझी चुलती, पण आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिचा केशव पुण्याला फ्लॅटात गेला आणि आईला शेंद्र्याच्या पुढं एका वृद्धाश्रमात ठेवून गेला. तिथं तिला सोबत मिळंल, म्हणे. मोठा शहाणा! मी राहते बजाजनगरला, म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं. रिक्षा, मग बस, परत रिक्षा. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. पोचेपर्यंत पाण्याची बाटली अर्धी झाली.

वऱ्हांड्यात पाय ठेवला आणि थंडगार वास आला, वाळ्याचा. भिंतीला लागून केळ्याच केळ्या मांडलेल्या. ओल्या, गार, प्रत्येकीवर आंबा. तिथले व्यवस्थापक, तात्यासाहेब म्हणतात त्यांना, सोवळं नेसून पाणी शिंपडत होते.

"इथं जी जी माऊली गेली, तिच्या नावानं भरतो आम्ही," ते म्हणाले. "लेकरं भरोत, न भरोत."

खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. म्हटलं, केवढा भला माणूस! ते जेवायला आत गेले आणि मी खोलीत शिरले.

खिडक्यांना हिरवी जाळी बांधली होती. उजेड असा, की विहिरीत उतरल्यासारखं वाटावं. पंखा बंद. फिनेलचा आणि लघवीचा वास, त्यात तो वाळ्याचा. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंनी खाटा, आणि खाटांवर बायका पडलेल्या. कुणी कण्हत नव्हतं, कुणी कूस बदलत नव्हतं. काकू अगदी शेवटच्या खाटेवर होती. जवळ गेले तर काय, तिचे दोन्ही हात खाटेच्या दांड्याला बांधलेले! जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी, मनगटं काळीनिळी होईस्तोवर.

"अगं बाई! हे कुणी केलं?"

"उठायला जाते अन् पडते ना मी... म्हणून बांधतात," ती म्हणाली. आवाज कसा, तर वाळलेल्या पाचोळ्यासारखा. ओठ तडकून रक्त सुकलेलं.

"पाणी प्यालीस का?"

"देत नायत गं. गादी ओली होती म्हणतात. कुणी धुवायची? ... ओरडलं की ती इथली कामवाली साळूबाई उलथन्यानं मारती."

माझं डोकं असं सणकलं! म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी न्यायचं हिला, डबा गेला खड्ड्यात. चिंध्या सोडल्या, बाटली तिच्या तोंडाशी नेली. तिनं मान फिरवली.

"आधी सरूबाईला दे. लई दिवसांची तहानलेली हाय ती."

काकूची ही खोडच. सगळी पंगत उठल्याबिगर तिनं जन्मात कधी घोटभर पाणी घेतलं नाय. घरात पाहुणा असला की त्याचं ताट होईस्तोवर ही चुलीपाशी उपाशी. तेव्हा मी वाद घातला नाही. म्हातारं माणूस, कुठं ताणायचं? शेजारच्या खाटेवरची सरूबाई उठून बसली होती. तिनं बाटली घेतली आणि एका दमात रिकामी केली. घोटाचा आवाज मात्र आला नाही.

मग पलीकडून हळूच, "बाई... मला..."

समोरून, "मला बी..."

मी वऱ्हांड्यात गेले आणि केळी उचलली. पितर काय माझ्यावर रुसणार आहेत? बिचाऱ्या जित्या बायका कोरड्या घशानं पडल्यात. एक आणून दिली, दुसरी आणली. जाऊन येऊन, जाऊन येऊन मला कशी गुंगीच चढली बघा. पाय जमिनीला लागल्यासारखे वाटेनात. त्या हिरव्या उजेडात एकेक म्हातारी उठून बसायची, दोन्ही हातांत केळी धरायची, प्यायची आणि माझ्याकडं बघून लहान पोरीसारखी हसायची. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागत होती, आणि एवढ्या उन्हाचीसुद्धा ती माठाच्या बुडासारखी गार होती. मला इतकं बरं वाटत होतं, काय सांगू! काकू पडल्या पडल्या म्हणायची, "तिला दे... आता आवडाबाईला... द्वारका राहिली गं..."

शेवटी म्हटलं, आता तुझी पाळी, आता ऐकायची नाय मी. वऱ्हांड्यात गेले तर एकही केळी उरली नव्हती. नुसते आंबे पडलेले. दारात साळूबाई उभी होती.

"केळ्या कुठं गेल्या हो?"

"पाजल्या!" मी बरसलेच तिच्यावर. "आतल्या बायकांना पाजल्या. जित्या माणसाला घोटभर पाणी नाय, अन् मेलेल्यांना वाळ्याचं? देवाला तोंड कसं दाखवशील गं भवाने?"

ती भांडली नाही. तिचं तोंड पांढरं पडलं.

"आतल्या... कोणत्या बायका?" ती म्हणाली. "आत तुमची काकूच हाय एकली. बाकीच्या... उन्हाळा लागला तसं एकेक करून..."

मी वळून बघितलं. खाटा उघड्या, नुसत्या लोखंडी पट्ट्या. गाद्या गुंडाळून उशाशी ठेवलेल्या. प्रत्येक खाटेपाशी जमिनीवर एक केळी, आतून अशी कोरडी की बोट फिरवलं तर धूळ लागावी. आणि प्रत्येक दांड्याला लुगड्याच्या चिंधीची गाठ तशीच.

सगळ्यांना पाणी दिलं हो मी... आणि जी एकटी जिवंत होती, तिच्या तोंडात थेंब घातला नाही. मी तिथंच मोठ्यानं रडले. काकू खाटेवरून विचारत होती, "प्याल्या का गं सगळ्या?"

नळ कोरडा, टाकी कोरडी. तात्यासाहेब तोंडातला घास तसाच ठेवून बाहेर आले, सह्या करा म्हणायला लागले. त्यांना ढकलून मी काकूला उचललं. अंगात वजनच नव्हतं. रिक्षावाल्यानं वाटेत आपली बाटली दिली. तोंडात धार धरली, ती तोंडातच जिरली. पण घशाची गाठ हलली नाही.

इथं आणल्यावर डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणीच राहिलेलं नाही, सलाईन लावू, घाबरू नका. लावलं. मी स्टुलावर बसून थेंब बघत होते. बाटली बघता बघता संपली. दुसरी लावली, तीही संपली. नर्सनं सुई बघितली, नळी बघितली, चादर चाचपली. कुठं ओल नाही, हाताला सूज नाही. ओठ मात्र तस्सेच, तडकलेले.

"काकू," मी म्हटलं, "आता तरी तू घे गं. तुला माझ्या गळ्याची शपथ."

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती पायथ्याकडं बघत होती. हळूच तिनं पाय पोटाशी ओढून घेतले, एका अंगाला सरकली.

"बसा गं..." ती म्हणाली. "दाटी झाली तर होऊ द्या..."

तुम्ही यायच्या जरा आधीची गोष्ट. नर्स तिसरी बाटली लावत होती. पायथ्याशी कुणी नव्हतं. पण गादी दबली. मग त्या जागेच्या शेजारी आणखी एकदा दबली.