ब्रिजखालची तार

पौर्णिमाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर गळून पडला... तार तुटली नव्हती, कुणीतरी ती पकडीनं कापली होती!

बेस गिटारचं मागचं झाकण उघडून ती ओसरीवर बसली होती. तारा ज्या लोखंडी ब्रिजवर बसतात, त्याच्याखालून एक बारीक तार आत जाते. ती जोडलेली असली की तारांना बोटं लावताच स्पीकरमधली घूं विरते. तिची घूं मात्र गेलं वर्षभर विरलीच नव्हती. गावोगावी लोक हसायचे, "ताई, गिटारात भुंगा पाळलाय का?" आणि आता भीमगीतांच्या पार्टीनं ठरवलं होतं, लोहाऱ्याच्या जयंतीला बेस सुरज कीबोर्डवर वाजवेल, पौर्णिमानं कोरसमध्ये उभं राहावं! पार्टीचा म्होरक्या तिचा सख्खा भाऊ बुद्धघोष, त्यानंही त्याला होकार दिला होता.

घरात पकड एकच, गेलेल्या वडिलांची, आबांची. बुद्धघोषशिवाय तिला कुणी हात लावत नसे.

तो दारात येताच तिनं कापलेलं टोक पुढं धरलं.

"दादा, ही तार तू कापलीस?"

"व्हय... म्याच."

"लोक हसत व्हते तवा कसं बघवलं रं तुला?" ज्या हाताला धरून ती पहिल्यांदा स्टेजवर चढली, त्याच हातानं हा घात करावा! "आई, तुला ठावं व्हतं?"

आत ज्वारी निवडणाऱ्या सुमनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"अणदूरचा मंडप आठव," बुद्धघोष म्हणाला. "गिटार हातात, माईक ओठाला लागला अन् तू मागं फेकली गेलीस. तू हसत उठलीस, पर मला आबा दिसले... आबा मंडपातल्या करंटनंच गेले न्हवं का? अर्थिंगचा कुठं पत्ता नसतो. करंट तारांतून तुझ्यात येऊ नये म्हणून जोडच तोडला. म्हणलं, हसू दे लोकांना, जित्ती तर ऱ्हाईल!"

"मग सांगायचं व्हतं!"

"तू तशीच जोडून वाजवली असतीस."

ते खरं होतं, म्हणूनच अधिक जिव्हारी लागलं.

"मला वाटायचं, माझ्या बोटांतच खोट हाय... अन् ते तू मला वाटू दिलंस! भ्या वाटत व्हतं तर जमिनीत अर्थिंगची सळई ठोकायची व्हतीस, माझी तार कशाला तोडलीस?"

तिनं डोळे पुसले, नवी तार घेऊन सोल्डरचा डाग दिला. त्या दिवसापासून तिनं त्याला दादा म्हणून हाक मारली नाही.

लोहाऱ्यात पार्टी पोचली, तेव्हा बुद्धघोष सुरजला म्हणाला, "बेस पौर्णिमाच वाजवंल." मग मंडपामागं त्यानं स्वतः तांब्याची सळई जमिनीत ठोकली, अँप्लिफायरची अर्थिंगची तार तिला आवळली, करंट ओल्या मातीत मुरावा म्हणून भोवती मिठाच्या पाण्याची घागर ओतली. स्टेजवर येऊन गिटार आधी आपल्याच गळ्यात घातली, मुठीत तारा धरल्या, डोळे मिटले आणि माईकला ओठ टेकवले...

"अरं लेकरा!" पार्टीबरोबर आलेल्या सुमनबाई किंचाळल्या.

काहीच झालं नाही. त्यानं गिटार उतरवून बहिणीपुढं धरली.

पौर्णिमानं तारांवर बोटं ठेवली. घूं विरली. वर्षभरानं ती नितळ शांतता तिच्या कानांत शिरली आणि आसवं गालांवर ओघळली.

"माती लवकर सुकती," ती हळूच म्हणाली. "आनखी एक घागर ओत... दादा."