महिपतबाबांच्या पोटातली धडधड

बस गं. लाइट येईपर्यंत तसंही काही काम नाही. विचारलंस म्हणून सांगते.

एमबीबीएस झाल्यावर सोनोग्राफीच्या ट्रेनिंगला मी महाडच्या एका हॉस्पिटलात होते. आमचे सर हुशार, पण पोटावर फिरवायचा प्रोब हातात द्यायचे नाहीत, आणि दिलाच तर ओरडायचे. "दर्शना, दाब! एवढा नको! कुठे चाललीस, लिव्हर इकडे आहे!" खोलीत कायम अंधार, ओल्या भिंतींचा वास. एसी गळायचा, त्याखाली बादलीही मीच ठेवायची. रोज वाटायचं, सोडावं हे सगळं.

त्या दुपारी आंबेनळी घाटातल्या एका वाडीवरून महिपतबाबा आले. त्यांना मुतखडा होता. सोबत सून, सेजल. तिला सातवा महिना, तिचा नंबर त्यांच्यानंतर. सर शेजारच्या खोलीत रिपोर्ट लिहीत होते.

मी प्रोब ठेवला. किडनी दिसली, खडा दिसला. आणि खड्याच्या पलीकडे काहीतरी फडफडत होतं. बोराएवढं. भरभर, भरभर… पोटातल्या बाळाच्या हृदयासारखं.

भीती नाही वाटली, चीड आली. म्हणजे आता हेही आपल्याला जमत नाही! सरांना दाखवायला म्हणून फ्रीजचं बटण दाबलं. चित्र जागच्या जागी थांबलं.

बाहेर बाकावर सेजल किंचाळली.

धावत गेले तर ती पोट धरून वाकली होती. "हलत नाय ओ… एकदम थांबला."

सरांनी तिला आत आणलं. जाता जाता स्क्रीनकडे पाहून माझ्यावर खेकसले, "पोटातला गॅस फ्रीज करून ठेवलाय? उठव त्यांना!"

सेजल टेबलावर झोपली. प्रोब सरांच्याच हातात. बाळ दिसलं. डोकं, पाठीचा कणा, मिटलेली मूठ. छातीत मात्र काही हलत नव्हतं. सर प्रोब दाबत होते, तिरका करत होते, पुन्हा पुन्हा. पहिल्यांदाच ते ओरडत नव्हते. बादलीत एसीचं पाणी पडत होतं. टप… टप…

"सायेब…" कोपऱ्यातल्या अंधारातून महिपतबाबा हळूच म्हणाले, "तो तिकडं नाय. माज्याकडं हाय."

"बाबा, बाहेर थांबा!"

"सकाळी घाटात गाडीम्होरं दरड आली. पोरगी लय घाबरली. तवापासनं माज्या पोटात धडधडतंय. आता पार मंद झालंय…"

सर काही बोलायच्या आत ते पुढे झाले. सुनेकडे मान वर करून न बघणारा तो माणूस. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जा रं बाबा, आपल्या जागी जा. वाटंला काय लागंल ते माज्यातलं ने."

स्क्रीनवर एक फडफड झाली. थांबली. पुन्हा झाली… आणि मग सुरूच झाली, भरभर, भरभर. सेजल रडायला लागली.

सरांनी कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रोब नीट धरायला शिक जरा." प्रोब त्यांच्या हातात होता!

सेजलला मुलगा झाला. छान, गुटगुटीत. मी म्हटलं, विषय संपला.

थंडीत महिपतबाबा पुन्हा आले, खडा तपासायला. खडा नव्हता. सर म्हणाले, प्रोब ठेवलाच आहेस तर बरगडीखालून हृदय बघायची सवय कर. मी प्रोब वर वळवला. हृदयाचे चारही कप्पे स्वच्छ दिसले. एकही हलत नव्हता.

मला वाटलं, पुन्हा फ्रीज दाबलं गेलं. दाबलं गेलं नव्हतं. श्वासाबरोबर लिव्हर खालीवर होत होतं.

"सर…"

सर आले. वैतागून मशीनला चापट मारली. प्रोब हिसकावून घेतला, शर्ट वर करून स्वतःच्या छातीला लावला. तिथे व्यवस्थित धडधडत होतं. मग पुन्हा बाबांना लावला.

चारही कप्पे तसेच, जागच्या जागी.

महिपतबाबा उठून बसले, पोटावरचं जेल पुसलं, टोपी घातली. "खडा पडला ना?"

"ह… हो," सर म्हणाले.

दाराशी ते थांबले. चेहरा अगदी समाधानी.

"एक बाकी बरं झालं गो बाय. आता घाट चढताना दम लागत नाय."