चौथ्या परिच्छेदातले पक्षी

"माह्या पोरीनं नक्कल केली म्हन्तात, ताई," दुर्गाबाई दारातूनच म्हणाल्या. "पुण्याच्या फुकट वर्गाची एकच जागा हाय. सर उद्या तिथं एकाचं नाव धाडतात."

खासगी तपास करणाऱ्या वर्षाराणी चपला चढवतच उठल्या. सोबती मदनसिंगानं जीप काढली.

कारंजा गावात हरीओम सरांच्या इंग्रजी शिकवणीत दोन पेपर शेजारी ठेवले होते. एक दुर्गाबाईंच्या लेकीचा, धनज खेड्यातल्या निकिताचा, दुसरा अर्पितचा. दोघं एकाच बाकावरचे, आताही समोर उभे. सहा परिच्छेदांपुढे जुळणाऱ्या मथळ्याचा आकडा लिहायचा होता. दुसऱ्यात वडावरची पाखरं, चौथ्यात आटलेलं तळं. दोघांनीही नेमके ह्याच दोन मथळ्यांचे आकडे उलटे लिहिले होते.

"अर्पित इंग्रजी माध्यमाचा," सर म्हणाले. "खेड्यातल्या पोरीले एवढं जमते काय?"

"तुमी शिकवता कसं?" वर्षाराणींनी विचारलं.

"मथळे हातानं झाकायचे. परिच्छेद वाचून समासात दोन शब्दांत सार लिहायचं. मंगच मथळे पाहायचे."

अर्पितनं पेपर पुढे केला. "मी सगळं वाचलं, मॅडम. समास बघा ना." दुसऱ्यासमोर 'पाणी', चौथ्यासमोर 'पक्षी'.

निकिताच्या समासात दुसऱ्यासमोर 'पाखरं', चौथ्यासमोर 'पानी आटलं'.

"मंग चुकली कुठं?" वर्षाराणींनी तिला विचारलं.

"उत्तरं उतरवतानी घाई झाली, ताई. आकडे उलटे पडले."

मदनसिंगानं डोकं खाजवलं. "समास तं दोघांचाही भरलेला. कसं कळंन?"

"अर्पित, चौथ्या परिच्छेदात एक पक्षी दाखव."

अर्पितचं बोट ओळीओळीवरून फिरलं आणि शेवटी थांबलं.

"नाही सापडणार," वर्षाराणी म्हणाल्या. "निकितानं बरोबर वाचलं, फक्त आकडा चुकवला. तुझा समास मात्र तिच्या चुकीशी जुळते. कोरड्या तळ्यात वाचनाऱ्याले पक्षी दिसत नाही. तू आधी तिचे आकडे उचलले, मंग मथळे पाहून समास भरला."

अर्पितनं मान खाली घातली.

"सर, समास पाह्यला नाही काय तुमी?" मदनसिंगानं विचारलं.

"समासाले मार्क नसतात."

"मंग माह्या पोरीचं नाव धाडा," दुर्गाबाई म्हणाल्या.

सर खिडकीकडे वळले. "अर्पितचं सकाळीच धाडलं."

वर्षाराणींनी फोन त्यांच्यापुढे सरकवला. "लावा. चूक सांगा."

सरांनी फोनकडे पाहिलं, मग भिंतींकडे. "ही खोली त्याच्या वडलांची आहे, मॅडम. उद्या वर्ग कुठं भरवू?"

निकितानं आपला पेपर घडी घालून पिशवीत ठेवला.

"चाल, माय," ती म्हणाली. "सरनं आपल्याले 'खेड्यातली' हा मथळा आधीच देल्ला होता. वाचलं मातर नाही त्यायनं."