पात्यांचा डबा

"साहेब, वर्सोव्याला एक शेठ मेलाय. फोनवरची बाई म्हणते, शेजारी धनुष्यबाण पडलेत," हवालदार गुणाजीनं फोन हातानं झाकून सांगितलं, आणि अंधेरी पोलीस ठाण्यावरची दुपारची पेंग खाडकन उतरली.

इन्स्पेक्टर दत्ताराम घाडीनं चहा तसाच ठेवला. सुरा, कोयता, दगड, रॉकेल, सगळं त्यानं नोकरीत पाहिलं होतं. एकोणीसशे सदुसष्ट साल चालू होतं आणि बाण मात्र त्यानं अजून फक्त रामलीलेत पाहिला होता.

बंगल्यावर पोचल्यावर कळलं, की बाण कुणाला लागलेलाच नव्हता.

चंद्रप्रकाश कर्णिक, प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखानदार, व्हरांड्यातल्या कोचावर मरून पडला होता. अंगावर साधा ओरखडा नाही. खाली एक लांबलचक लाकडी पेटी उघडी होती. त्यात धनुष्य, पिसं लावलेले बाण, आणि बाजूला एक पत्र्याचा डबा. डब्यात बाणांची पाती, पोलादी आणि दाढीच्या ब्लेडसारखी. धनुष्याची दोरी सुटी होती, अर्धी नुकतीच काही चोळल्यासारखी तुकतुकीत आणि अर्धी निस्तेज.

दत्तारामनं वाकून कोचाखाली पाहिलं. सुपारीएवढा पिवळ्या मेणाचा गोळा घरंगळत तिथं गेला होता. त्यावर दातांचे ठसे होते. त्यानं तो रुमालात बांधून खिशात घातला.

शेजारच्या बंगल्यातले डॉक्टर अजून घाम पुसत होते. "विष आहे. पोटात गेलंय ते तोंडावाटे. हाक आली तसा धावत आलो, इंजेक्शन दिलं, छाती दाबली. काही उपयोग झाला नाही."

कर्णिकची बायको अनुपमा आतल्या खोलीत ताठ बसली होती. रडून झालं होतं की रडायचं राहिलं होतं, सांगणं कठीण होतं.

"बाई, साहेब आज कुठे जाणार होते?"

"नागपूरला. शिकारीला. गेलेही होते. विमान उडालं आणि काही बिघाड झाला म्हणून सांताक्रूझला परत आलं. उद्या पुन्हा निघायचं, म्हणून घरी आले."

"आल्याबरोबर पेटी का उघडली?"

"विमानात पेट्या आपटतात ना. धनुष्याला चीर गेली का बघायचं, दोरी चढवून बघायची. उतरले की पहिलं काम तेच."

"आणि हा डबा?"

"विमानवाले पाती पेटीत ठेवू देत नाहीत. प्रवाशाच्या हातातही नाहीत. डबा काउंटरवर द्यायचा, तिथून तो वैमानिकाकडे जातो. उतरल्यावर परत मिळतो. दर हिवाळ्यात हेच चालतं."

"मेण कशाला?"

अनुपमाच्या कपाळावर आठी पडली. "दोरीला लावायला. कडक असतं, म्हणून आधी तोंडात धरून मऊ करायचे. मला शिसारी यायची. आज सकाळीही तेच. निघण्याआधी अंगणात दोन बाण सोडायचे, हा त्यांचा शकुन. मेण चघळलं, दोरीला चोळलं, बाण सोडले. मग पाती काढून मेणासकट डब्यात ठेवली, वर सुतळी बांधली, आणि डबा घेऊन तडक गाडीत बसले. त्यांच्या या सामानाला आम्ही कुणी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही."

"वैरी कोणी?"

"वैरी स्वयंपाकघरातच आहे," ती फाडकन म्हणाली. "सगुणा. कोळीवाड्यातली. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या जागेला ह्यांनी कुंपण घातलं. तेव्हा भर बाजारात तिनं ह्यांना शिव्याशाप दिले. आज पाणी तिनंच दिलं. पाणी प्यायले आणि कोसळले."

दत्ताराम दाराशी जाऊन थांबला. "शिकारीत कधी काही वेडंवाकडं घडलं होतं?"

"गेल्या वर्षी. बाळ म्हणून कारखान्यातला कारकून होता, हौशीनं बरोबर जायचा. चुकून बाण लागला. अपघात म्हणून मिटलं."

"त्याच्या घरचं कोणी आलं होतं?"

"बहीण. हे माडीवर जाऊन बसले, खाली उतरलेच नाहीत. ती बसलीसुद्धा नाही. एवढंच विचारलं तिनं, 'त्यानं पाणी मागितलं होतं का?' आता ते मला कसं ठाऊक असणार?"

दत्ताराम ठाण्यावर परतेपर्यंत गुणाजीचं सगुणाला कोठडीत टाकूनही झालं होतं. "झकास केस आहे, साहेब! शाप बाजारात दिला, पाणी हातानं दिलं. उद्या कोर्टात उभी करतो. फाशी पक्की."

सगुणा पन्नाशीची, काळीसावळी, कासोटा घातलेली बाई. गजांमागे ती मांडी घालून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा राग जास्त होता.

"शाप दिलास?"

"दिला. परत देन. आमची बोंबील सुकवायची खळी गिलली त्यानं."

"मग त्याच्याकडे कामाला का?"

"सुकवायला जागा नाय, तर पोट कशानं भरू?"

"पाणी तूच दिलंस?"

"त्यानं मांगलं, मी दिलं."

"कसं मागितलं? नीट आठवून सांग."

"वराडला. 'सगुणा, तोंड चुरचुरतंय, जीभ बधिर झालीय, पानी आन.' मी धावत गेली. लोटा त्याचे हातात धरवना, मीच तोंडाला लावला."

दत्ताराम तिथंच थबकला. मग गुणाजीकडे वळून तो मालवणीत खेकसला, "अरे गुणाजी, माणूस तोंड भाजल्यार पाणी मागता. पाणी प्याल्यार तोंड भाजणा नाय! विष आधी गेला, पाणी मागसून."

गुणाजीचा चेहरा पडला. "मग सोडू काय हिका?"

"वरच्या साहेबांका दुसरो कोण दाखवल्याशिवाय नाय सुटाची." दत्तारामनं सगुणाकडे पाहिलं. तिच्या गळ्याला उद्या दोर लागायचा असेल, तर तो एका लोटाभर पाण्यापायी लागणार होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि तो टोपी उचलून निघाला.

सांताक्रूझच्या विमानतळावर काउंटरमागे चंदर नावाचा चुणचुणीत माणूस होता.

"पात्यांचा डबा? मीच परत दिला कर्णिक साहेबांना. वैमानिकानं आणून दिला, मी तसाच हातात ठेवला. एक मिनिटभरसुद्धा माझ्याकडे नव्हता."

"आणि सकाळी कुणी घेतला?"

"प्रेमानं. विमानात सामान चढेपर्यंत डबा तिच्याच खणात असतो. विमान उडालं, तिची ड्यूटी संपली, ती घरी गेली. विमान परत आलं हे तिला माहीतही नसेल बिचारीला."

"बिचारी का?"

"गेल्या वर्षी तिचा भाऊ गेला, यार. एकुलता एक. आईबापामागे हिनंच वाढवला. तेव्हापासून सकाळच्या नागपूरच्या विमानाचीच ड्यूटी मागून घेते. आम्हाला वाटतं, डोक्यावर परिणाम झालाय."

दत्तारामला तसं वाटलं नाही. विमानतळाबाहेर एक चांभार बसला होता. त्याच्याकडून त्यानं टाके घालायच्या दोऱ्याला लावतात ते पिवळं मेण थोडं मागून घेतलं आणि चंदरनं दिलेल्या प्रेमाच्या पत्त्यावर, घाटकोपरला निघाला.

चाळीतली खोली लख्ख होती. भिंतीवर हसऱ्या तरुणाचा फोटो, त्याला ताजा हार. प्रेमा तिशीची असेल. अजून कामावरच्याच साडीत होती. पोलीस बघून ती दचकली नाही, उलट बऱ्याच दिवसांनी पाहुणा यावा तशी बाजूला सरकली.

"कर्णिक वारले," दत्ताराम म्हणाला.

"जंगलात?"

दत्तारामनं खिशातून पिवळा गोळा काढला आणि उजेडात धरला. "त्यांच्या डब्यात हे होतं. आमचा हवालदार म्हणतो, गुळाचा प्रकार आहे. मला तर डिंकाचा लाडू वाटतो." असं म्हणत त्यानं गोळा सरळ तोंडाकडे नेला.

"तोंडात घालू नका!"

प्रेमानं झेप घेऊन त्याच्या हातावर फटका मारला. गोळा भिंतीवर आपटून मोरीत गेला.

"हा चांभाराकडचा होता," दत्ताराम शांतपणे म्हणाला. "निव्वळ मेण. पण त्यात विष असेल हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर कर्णिक कशानं गेले तेही बोललो नाही."

प्रेमा मटकन खाली बसली.

"आता मी सांगतो. चुकलं तर थांबवा. कर्णिकनं आज सकाळी अंगणात मेण चघळलं, त्याला काही झालं नाही. दुपारी डब्यातलं मेण चघळलं आणि तो मेला. म्हणजे मेण मधल्या वेळात बदललं. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत डबा त्याच्या हातात नव्हता तो फक्त विमानतळावर आणि विमानात. वैमानिकाचं कर्णिकशी काय वैर? चंदरनं तर नुसता हातात ठेवला. सुतळी सोडून पुन्हा बांधायला सवड एकट्या तुम्हाला होती. आणि साहेब मेण तोंडात धरतो हे परक्याला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्हाला बाळनं सांगितलं असणार."

"नक्कल करून दाखवायचा," प्रेमा फोटोकडे बघत म्हणाली. "गालात सुपारी धरून, साहेबासारखा तोंडातल्या तोंडात बोलायचा. मी हसून हसून लोळायची."

"बाण चुकून लागला होता ना?"

"चुकूनच लागला. त्याचा मला राग नाही." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी तिथं गेले होते, अस्थी आणायला. हाकाऱ्यातल्या माणसांनी सांगितलं. दुपारी बाण लागला. बिबट्या झाडीत होता. कर्णिक म्हणाला, कुणी हलायचं नाही, आवाज करायचा नाही, जनावर पळेल. संध्याकाळपर्यंत माझा बाळ गवतात पडून पाणी मागत होता, आणि हा मचाणावर बसून वाट बघत होता! कुणाला उतरू दिलं नाही. मला वाटलं, यानंही तिथंच मरावं. त्याच रानात, डॉक्टरापासून लांब, घसा कोरडा पडून. वर्षभर गोळा पर्समध्ये घेऊन मी काउंटरवर उभी राहिले. आज तो आला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, 'जपून हं मिस, धार आहे.' त्यानं मला ओळखलंसुद्धा नाही."

"तो जंगलात नाही मेला," दत्ताराम म्हणाला. "विमान परत आलं. घरच्या कोचावर गेला तो."

प्रेमाचे डोळे विस्फारले. "डॉक्टर मिळाला त्याला?"

"शेजारीच राहतात. धावत आले."

"आणि पाणी?"

"मिळालं. कोठडीत घातलीय त्या बाईला आम्ही. पाण्यातून विष दिलं म्हणून."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठली, खुंटीवरची पर्स काढली आणि कागदात गुंडाळलेला दुसरा पिवळा गोळा त्याच्यासमोर ठेवला. सकाळचा, खरा. त्यावर कर्णिकचे दात उमटलेले होते. रुमालात बांधलेल्या गोळ्यावरच्या ठशांशी ते जुळवून बघायला डॉक्टरची गरज नव्हती.

"चला," ती म्हणाली. "त्या बाईंना आधी सोडा."

अंधेरीला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सगुणा कोठडीतून बाहेर येत होती आणि प्रेमा आत जात होती. दारात दोघी समोरासमोर आल्या. गुणाजी मध्ये पडायला निघाला, पण दत्तारामनं त्याला मागं ओढलं.

"पाणी तुम्ही दिलंत?" प्रेमानं विचारलं.

"दिलं."

"तुमचा वैरी होता ना तो?"

"वैरीच. मेला तं मना काय दुख नाय." सगुणानं पदर सावरला. "पन पानी मांगलं तं नाय कोन म्हनतं गो? हात आपसूक जातंय."

"तिथं सहा माणसं होती," प्रेमा म्हणाली. "एकाचाही गेला नाही."

सगुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला समोरच्या बाईचे सुकलेले ओठ तेवढे दिसले. कोपऱ्यातल्या माठातून तिनं पेला भरला आणि सवयीनं पुढं केला.

प्रेमानं पेल्याकडे बराच वेळ पाहिलं. हात मात्र पुढं केला नाही.

"नको," ती म्हणाली. "माझ्या बाळला नाही मिळालं."

आणि ती स्वतःच गजांचं दार लोटून आत गेली. सगुणा भरला पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि तो परत माठात ओतायला कुणीच तिला सांगितलं नाही.