ढोल्याचं वजन

"टोपली उलटी धरलीय तुम्ही."

दवाखान्याच्या पायरीवरच कुणीतरी म्हणालं. मी खाली पाहिलं. आमचा बोका, ढोल्या, टोपलीच्या छतावर बसून माझ्याकडे अत्यंत अपमानित नजरेनं बघत होता.

त्या माणसानं टोपली हळूच सुलटी केली. बोटांना बोटं लागली... मी हात मागे घेतला.

"डॉक्टर कुठे भेटतील?" मी घाईनं विचारलं.

"टोपली सुलटी करतायत."

माझ्या लेकीची, चिमणीची, एकही लस मी चुकवलेली नाही. तिचा तक्ता फ्रिजवरच चिकटवलाय. ढोल्याला मात्र घटस्फोटानंतरच्या दोन वर्षांत दवाखाना दाखवला नव्हता. खातो, झोपतो, चिमणीच्या पायांत लोळतो — आणखी काय हवं?

"नऊ वर्षांचा आहे," लस टोचून डॉक्टर म्हणाले. "आता दर सहा महिन्यांनी आणायचा."

"आजारी नसला तरी?"

"आजारी नसतानाच! मांजरं दुखणं कळू देत नाहीत." मग माझ्याकडे बघत, "काही माणसंही..."

ढोल्या काट्यावर थांबेना. मग त्याला घेऊन मी चढले, नंतर एकटी. डॉक्टरांनी वजाबाकी केली — पाच किलो आठशे.

"माझं वजन मोठ्यानं वाचू नका हं."

"काय वाचू? मी ते केव्हाच विसरलो."

ते सहा महिने जाता जाईनात. तपासणीच्या दिवशी मी तीनदा कपडे बदलले. मांजर दाखवायला जाताना कुणी कानात झुमके घालतं?

पण मागच्यासारखीच वजाबाकी करताना डॉक्टरांचं हसू मावळलं. पाच किलो.

"आठशे ग्रॅम कमी... रक्त तपासूया. उद्या दुपारी कळेल."

घरी आल्यावर मी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. ढोल्याचे श्वास मोजले, मग चुकले, मग पुन्हा मोजले.

"आई, ढोल्या मरणार?" चिमणीनं विचारलं.

"काहीतरीच काय!" मी खेकसले, आणि लगेच तिला जवळ ओढलं. बाबा घर सोडून गेल्यावर ती ढोल्याच्याच कुशीत झोपायला शिकली होती. तो गेला तर तिला काय सांगणार होते मी?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन वाजला. "जरा समोरासमोर बोलूया," डॉक्टर म्हणाले. मी निम्मं काम टाकून, धापा टाकत पोचले.

"मूत्रपिंडांवर थोडा ताण दिसतोय," ते म्हणाले. "पूर्ण बरं होणारं नाही, पण अगदी सुरुवात आहे. खाणं बदलू, पाणी जास्त प्यायला लावू, तपासत राहू... चिमणीला तो अजून खूप वर्षं पुरेल. लक्षणं दिसेपर्यंत थांबला असतात, तर अवघड होतं."

मी मटकन खुर्चीत बसले. "आणि वजन?"

"ते..." त्यांचे कान लाल झाले. "ते घटलंच नाहीये. मागच्या वेळी ढोल्याला घेऊन चढलात तेव्हा खांद्यावर पर्स होती. एकट्या चढलात तेव्हा नव्हती. काल तुम्ही पर्स आधीच खाली ठेवलीत, आणि नंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पर्समध्ये असतं तरी काय?"

"थर्मामीटर, चिमणीचे कपडे..." मी थबकले. "पण डॉक्टर, एवढी पर्स तुम्हाला दिसली नाही?"

"मी पर्सकडे बघत होतो कुठे?"

मला हसूही येत होतं, डोळेही भरत होते; हातांचं काय करावं कळेना.

"म्हणून पुढच्या तपासणीला वजन इथल्या मोठ्या डॉक्टर मॅडम घेतील," ते चाचरत म्हणाले. "मी बाहेर बाकावर बसेन. तुमच्या शेजारी... चालणार असेल तर."

घर, चिमणी, लोक काय म्हणतील — सगळं एका क्षणात डोक्यात घोंघावून गेलं. तरी तोंडातून निघालंच —

"त्यासाठी सहा महिने थांबायचं?"

डॉक्टरांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. एकही पेशंट नव्हता. ते बाहेर गेले आणि बाकाच्या एका टोकाला सरकून बसले.