आमच्या दोघांतली मरिया

ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला आणि माझ्या हातातली जपमाळ तुटली. जुन्नरहून मढला निघालेल्या एसटीत मणी सैरावैरा पळाले!

शेजारचा तरुण क्षणात सीटखाली शिरला.

"पावणं, खाली काय रांगताय?" कंडक्टर ओरडला.

"मणी वेचतोय, भाऊ!"

वर आला तेव्हा त्याच्या केसांत धूळ, ओंजळीत मणी... आणि डोळ्यांत हसू.

"कॅथलिक?"

"हो. मी प्रतिभा. मढच्या दवाखान्यात नर्स आहे. तुम्ही?"

"आमोस. तिथल्याच शाळेत नवा शिक्षक. आणि – प्रोटेस्टंट." त्याने मणी माझ्या रुमालात ओतले. "आमच्यात जपमाळ नसते. खरं सांगू? तुम्ही जपमाळेवर येशूच्या आईची, मरियेची पूजा करता, ते मला कधीच पटलं नाही."

ओळख होते न होते तोच हे! मी उसळलेच. "पूजा फक्त देवाची. तिला आम्ही म्हणतो, आमच्यासाठी प्रार्थना कर. वर्गातल्या एखाद्या पोराची आई म्हणाली, 'सर, लेकरू लई आजारी हाय, प्रार्थना करा,' तर ती काय तुमची पूजा करते?"

"पण मी जिवंत आहे!"

"तीही आहे. देवाजवळ."

तो बाहेर बघू लागला. खिडकीबाहेर डोंगरावरून धुकं उतरत होतं.

"इथे आपलं जुळणार नाही," तो हळूच म्हणाला. "मी थेट येशूलाच हाक मारणार. पण पूजेचं बोललो, ते चुकलं. माफ करा."

इतक्या सहज माफी मागणारा माणूस मी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी जागा धरली... मग रोजच.

"तुमच्यात मरियेला मानच नाही," एकदा मी त्याला टोचलं.

"दर नाताळात आई ती गोष्ट मोठ्याने वाचते," तो म्हणाला. "देवदूत येतो, मरिया होकार देते... तिथे आईचा आवाज दरवर्षी दाटतो. मान नाही कसा?"

त्या दिवशी माफी मी मागितली. आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

मग बाबांच्या कानावर गेलं. "घरी बोलाव त्याला," एवढंच ते म्हणाले.

आमोस आला तो नेमका संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळी.

"बसशील आमच्यात?" बाबांनी विचारलं.

"बसेन, काका. पण ओठ हलवणार नाही... मनात नसताना म्हटलं तर ते खोटं होईल. त्यात मरियेचाही अपमान."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं – संपलं सगळं!

"बस," ते म्हणाले.

तो माझ्या शेजारी गुडघे टेकून बसला, अगदी शेवटपर्यंत. मग बाबा त्याच्याकडे वळले. "आता तू कर प्रार्थना. तुझ्या पद्धतीनं."

आमोसने डोळे मिटले. "प्रभू येशू, तुझ्या आईबद्दल तुझे आभार. या घराबद्दलही. आणि... प्रतिभाबद्दल. तिला सांगायचं धाडस अजून झालं नाही, पण तुला ठाऊक आहे – माझं तिच्यावर प्रेम आहे. तिच्याही मनात असेल, तर आम्हांला एकत्र ठेव."

मी डोळे उघडले. त्याचे कान लालबुंद झाले होते. मी तोंड उघडणार, तोच बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "आमेन!"

"बाबा! ते मी म्हणायचं होतं..."

"मग म्हण की!"

मीही 'आमेन' म्हणाले. आमोसच्या डोळ्यांत बघून.